बद्द आवाज

उद्यमबागेत बावीस वर्षं
कास्टिंग हातोडीनं ठोकून बघतोय मी.
खणखणीत वाजला नग, की पास.
बद्द वाजला तर आत कुठंतरी
हवेचा बुडबुडा राहिलाय.
वरून काही दिसत नाही.

घरातले म्हणतात, मन घट्ट कर, भरमा.
बिडाएवढं घट्ट काय असतंय गा?
पडलं की तेच तडकतंय.

चैत्रापास्नं डबा तसाच परत नेतोय,
वाटेत कुत्र्याला घालून.

धारवाडच्या डॉक्टरीणबाई विचारतात,
‘निद्दी बरतैतेनु?’
दोन्ही भाषांत येत नाही, बाई.

त्या हसल्या नाहीत.
पेन खाली ठेवलं
आणि ठोकल्यावर मी थांबतो ना,
श्वास धरून,
तशा थांबल्या
माझा आवाज पुरता विरेपर्यंत.