प्रकरण पाचवे : चर्चा

तक्ता चार सांगतो :
एकशे वीसपैकी एकतीस जणी
‘पाठ दुखते का?’ यावर म्हणाल्या,
‘तसं काही नाही.’

सर म्हणतात, का, ते लिही.
आधीच्या संशोधनाशी ताडून बघ.

विडी घरकुलात रात्रीचा दीड.
मागच्या गल्लीतला माग थांबला
की माझंही वाक्य थांबतं.

आधीच्या संशोधनात भूदेवी यंगल नाही,
मांडीवरचं सूप न उतरवता
मलाच विचारणारी :
‘एम.ए. झाल्यावर किती गं,
हजारामागे?’

मी हसले.
नोंदवलं नाही.

आता त्या हसण्याला कुठे टाकू,
मर्यादांमध्ये?

लिहिते, ‘संभवतः’.
खोडते.

आई झोपण्याआधी पानं
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते,
तसं ठेवलंय एक वाक्य.
कोरडं कातरलं तर फाटेल.
सकाळी बघू.