टाकळ्याचं बी

स्विंडनमध्ये, चष्म्यांचं दुकान
आणि बंद पडलेली बँक, यांच्या मधोमध
कोह बाईंचं दुकान.
नोव्हेंबर. दुपारी चारलाच दिवे लागलेले.

शाल्मली सहा वर्षांची.
काटेसावरीचं नाव हौसेनं ठेवलं,
त्या झाडाची साल कशी असते
हे तेव्हा डोक्यात आलं नाही.
गुडघ्यांमागे, कोपरांच्या लवणीत, कानांमागे.
रात्री हातांना मोजे बांधून निजवते,
तरी दोनच्या सुमाराला भिंतीपलीकडून
करकर, करकर,
उंदीर फळी पोखरतो तशी.
दवाखान्यातलं मलम बोटाच्या पेराएवढं,
जास्त नाही, तोंडावर नाही, फार दिवस नाही.

कोह बाईंनी आधी जीभ बघितली.
मग मनगट धरलं, तीन बोटांनी, डोळे मिटून,
शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसं.
भिंतभर खणांतले नऊ उघडले.
कडू मूळ, पांढरी साल,
आणि तांबूस, पोकळ, कागदासारखं काहीतरी
पाय असलेलं.
"उन्हाळ्यात झाडावर किडे गातात ना," त्या म्हणाल्या,
"ते उडून गेल्यावर हे राहतं."
म्हणजे कात.
मी हसले. त्यांना वाटलं, घाबरले.
कातडीला कात, यातली गंमत
इंग्रजीत कुठून आणणार?

एक खण उघडाच राहिला होता.
त्यात तपकिरी, चकचकीत, तिरकं छाटल्यासारखं बी.
अगं बाई, टाकळा!
देवरुखला बांधावर न पेरता माजायचा.
कोवळा असेतो भाजी,
पुढे गजकर्णावर बी लिंबाच्या रसात वाटून.
"हेही घाला," मी म्हटलं.
"नाही. हे डोळ्यांसाठी."
"आमच्याकडे कातडीसाठी."
"डोळ्यांसाठी."
दोघी आपापल्या गावावर ठाम.
निघताना त्यांनी मूठभर पुडीत बांधलं,
पैसे घेतले नाहीत.
"तुमच्यासाठी. झोपत नाही तुम्ही."

काढा उकळला तेव्हा वरच्या मजल्यावरचा डेरेक
काही जळतंय का विचारून गेला.
पहिला घोट माझ्या साडीवर नाही, पडद्यावर.
मग दोन आठवडे मधातून.
गाळ टबात: तपकिरी पाण्यात ती,
चहात बुडवलेलं बिस्कीट,
किड्यांची कवचं बोटांवर चढवत.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.
काय काय दिलं ते लिहून आणा म्हणाल्या,
यकृत तपासू.
पिशवीवर सगळं चिनी.
सुई टोचताना ती बघत राहिली,
मीच तोंड फिरवलं.
रिपोर्ट ठीक आला. पाजणं मात्र थांबवलं.

मार्चमध्ये गुडघ्यांमागे कातडी मऊ लागली.
मलमानं, काढ्यानं,
की हीटर बंद झाले म्हणून,
कोण सांगणार. मी विचारलंही नाही कुणाला.

पुडीतल्या चार बिया दह्याच्या डब्यात पेरल्या.
भाजलेल्या असाव्यात.
अजून काही वर आलेलं नाही.
शाल्मली रोज पाणी घालते, उघड्या हातांनी,
आणि मधेच, सवयीनं,
कोपर खाजवते.