पेंढा

दैवा, आमची भाडेकरू, लिथुआनियाची,
चोवीस डिसेंबरला पेंढा मागायला आली.
मांद्र्यात गाय पाळलीस काय गं?
नाही, म्हणाली, टेबलावरच्या कापडाखाली अंथरायचा.

रात्री बारा पदार्थ. मांस नाही, दूधही नाही.
बीट, अळंबी,
खसखशीच्या पाण्यात बोराएवढी बिस्किटं,
आणि हेरिंग मिळेना म्हणून
इस्पेरांसबायचा खारा बांगडा.

एक ताट रिकामं, शेजारी मेणबत्ती.
"बाबा," एवढंच बोलली.
आमच्यात कावळ्याला वाढतात, मी सांगितलं.
तिला कावळा लगेच कळला.

मग कापडाखालची एकेक काडी ओढायची,
जितकी लांब, तितकं आयुष्य.
माझी वीतभर निघाली. तिची आखूड.
हसून तिनं ती
बाबांच्या ताटात ठेवली.

उरलेलं जनावरांना घालायचं असतं म्हणे.
सकाळी आमच्या कपिलेनं
सगळ्यांचं आयुष्य
सावकाश रवंथ केलं.