खालचा दोरा

डर्बीत, नॉर्मंटन रोडवरच्या धर्मादाय दुकानात
बारा पौंडांना मिळालं मशीन.
मॉरीन म्हणाली, चालतं गं, पण पुस्तक परकं आहे.
पुस्तक जपानी, चाळीस पानं,
आणि समासात पेन्सिलीनं कुणाचं तरी लिहिलेलं.

शार्दूलनं वर फोन धरला.
छापलेलं फोननं भराभर सांगितलं,
सुई बदलताना वीज बंद करा वगैरे,
जे मला आईच्या पोटातून ठाऊक.
पेन्सिलीपाशी आला नि गप्प झाला.
मला तेवढंच हवं होतं.

मग दर बुधवारी, दुकान अर्धा दिवस बंद असतं तेव्हा,
लायब्ररीतलं एकच पुस्तक
तेरा वेळा नव्यानं घेतलं.
पहिलं पान उघडलं आणि हसू आलं:
आ इ उ ए ओ,
का कि कु के को.
अगं, हा तर आपलाच वर्ग!
हजेरीचा क्रम तोच, गणवेश तेवढे बदललेले,
मधली बरीच मुलं गैरहजर.

ने, रे आणि वा सख्ख्या बहिणी,
शेपटाच्या वळणावरून ओळखायच्या.
आज ओळखल्या की उद्या चुकायच्या.
पॅन्टीचं माप घेताना
खडूनं कापडावरच गिरवायचे
आणि गिऱ्हाईक यायच्या आत झटकून टाकायचे.

वाक्य मात्र ओळखीच्या चालीनं चालतं.
क्रियापद सगळ्यांच्या शेवटी,
पंगत उठल्यावर बसणाऱ्या बाईसारखं.
आणि प्रश्नाच्या टोकाला 'का'.
खरंच, 'का'!
वीस वर्षं प्रश्न उलटे करून करून
दमलेली माझी जीभ
त्या रात्री पाय पसरून बसली.

चित्राक्षरांना वेळ लागला. अजून लागतोय.
दोऱ्याचं चिन्ह तेवढं लवकर दिसायला लागलं,
डाव्या कडेला उभं,
कागदात, रेघेत, गाठीत,
अगदी 'बारीक' या शब्दातसुद्धा.
'शेवट' लिहितात तो दोऱ्याशेजारी हिवाळा ठेवून.
हे कळलं तेव्हा चारलाच अंधारलं होतं,
हातात कुणाच्या तरी कोटाचं अस्तर,
चार टाके राहिलेले.

दीड वर्षानं, मार्चात,
सतराव्या पानावरची ओळ उलगडली.
काय काय वाटलं होतं मला:
एखादा पत्ता, एखादं दुःख,
कुणासाठी शिवलेला झगा.
होतं ते एवढंच:
खालचा दोरा तुटतो. युक्कुरी.
म्हणजे हळू.
त्या शब्दाच्या मधे एक लहानसं अक्षर येतं,
त्याला आवाज नाही,
तिथं नुसतं अडायचं,
'पक्का' म्हणताना आपण अडतो तसं.

पेडलवरचा पाय हलका केला.
दोरा तुटला नाही.

ओळीखाली नाव आहे, दोन चित्रं.
पहिलं शेत. दुसरं सापडलं कोशात,
पण नावं कशीही वाचतात म्हणे तिकडं,
घरच्यांनाच विचारावं लागतं.

तिच्या ओळीखाली मी माझी पेन्सिल टेकवली.
लिहिलं, पन्नास नंबरचा दोरा लावा,
मग जरा भरभर चालवलं तरी चालतं.
मराठीतच लिहिलं.
ज्याला हवं तो शिकेल.