एक बोल्ट उरतो

तेलाचं झाकण फिरवलं, तर आतून
आटवलेल्या दुधासारखा पिवळट लगदा निघाला.
पाणी तेलात शिरलेलं. हेड गॅस्केट गेलेलं.
गाइमनच्या मेकॅनिकनं आकडा सांगितला
आणि वर म्हणाला, "एवढ्यात दुसरी येईल, बाई."
येईल की.
पण तिच्या मागच्या सीटखाली लोकर सापडणार नाही,
आणि सिरो तिच्यात जन्मता जन्मता
त्रेलेवच्या वेशीपर्यंत थांबलेला नसेल.

ही रेनो बारा, स्टेशन वॅगन, चौऱ्याऐंशीची,
मोहरीच्या रंगाची; उजवी बाजू फिकट,
कारण आमच्याकडे वारा पश्चिमेचा
आणि ही कायम त्याच भिंतीशी, तोंड दक्षिणेला.

शनिवारी शेडचं दार दगड लावून अडवलं.
शेजारच्या अन्सेल्मोनं टॉर्कचा पाना दिला,
आधी दोघांचे हात उलटसुलट करून बघितले, मग दिला.
पुस्तकाची झेरॉक्स होती, त्रेचाळिसावं पान सोडून.
सिरोनं अंड्यांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आकडे घातले:
एकात एक बोल्ट, पुढच्यात पुढचा,
शाळेत कधी दिसलं नाही इतकं नीट अक्षर.

आई दारात खुर्ची टाकून. एक्क्याऐंशी वर्षांची,
ऐकू जवळजवळ येत नाही,
मांडीवर माते, नळी दातांत धरून बोलते:
"हेड काढल्यावर क्रँक फिरवू नका.
लायनर हलले की बसा रडत."
आम्ही फिरवणारच होतो.

अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीला क्लिपच्या जागी
केसांची पिन निघाली, काळी पडलेली, घट्ट.
मी ती उचलून दाखवली.
आईनं नुसता आंबाड्याला हात लावला.
कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, कोण सोबत,
विचारायला ओरडावं लागलं असतं.
पिन परत होती तिथेच घातली.

जुन्या गॅस्केटची खरवड काढता काढता
दुपार गेली, नखं गेली.
मग एका झोतानं दगड सरकला, दार आपटलं,
आणि अंड्यांचा पुठ्ठा उडाला.
सिरो ओणवा होऊन मातीतून बोल्ट वेचत होता,
जे शब्द त्यानं वापरले ते आईला ऐकू आले नाहीत
हे एक बरं झालं.

हेडचे दहा लांब होते, ते ओळखू आले.
मधून सुरुवात, मग बाहेर, मग पुन्हा मधे,
तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला थोडं जास्त.
पाना टिक् म्हणाला की थांबायचं.
मी आयुष्यात इतकं वेळेवर कुठेच थांबले नाही.
बाकीचे अंदाजानं, लांबीनं, गंजाच्या डागानं लावले.

रात्री दहाला सगळं बसलं,
आणि तसराळ्यात एक बोल्ट उरला.
तेराच्या पान्याचा, आखूड, निर्दोष चेहऱ्याचा.

किल्ली. काही नाही.
किल्ली. खोकला.
किल्ली, आणि शेडभर पांढरा धूर,
मग विरळ, मग नुसती हवा, आणि ती चालू.
आईनं बॉनेटवर तळवा ठेवला,
पीठ भिजलंय का बघावं तसा.
"व्हॉल्व्ह खडखडतायत. गार झाल्यावर उद्या बघा."

मी बोल्ट तिच्यापुढे धरला.
तिनं तो दिव्याखाली नेला, उलटा केला, हसली.
"हा? हा एकोणनव्वद सालीही उरला होता."
मग काय केलंस, मी ओरडले.
"एक भोक रिकामं दिसलं, तिथे लावला."
कुठलं भोक?
तिनं माते ओढलं. आवाज येईपर्यंत ओढलं.

सिरो टॉर्च घेऊन बारापर्यंत शोधत होता.

रविवारी व्हॉल्व्ह लावले आणि रॉसनला गेलो, समुद्राशी.
डांबर संपलं, खडी लागली.
गाडीचा प्रत्येक आवाज सिरो मान वळवून विचारत होता:
हा कसला? हा सायलेन्सर.
हा? मागचं दार, ते नेहमीचं.
आणि हा, बारीक, समोरून, खुळखुळ?
समोरच्या कप्प्यात गाडीचे कागद होते, आणि तो.
हा आपला, मी म्हटलं, आणि गिअर बदलला.