वाळा

पाइन तोडायची परवानगी आली
त्याच आठवड्यात तिनं पहिली काटकी आणली.
दोन वर्षं मी पालिकेला पत्रं लिहीत होते:
सुयांनी पन्हळ तुंबते, मुळांनी भिंत फुगलीय,
आणि झाड मुळात या देशाचंच नाही.
आता कागद फ्रिजवर, लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली,
मुदत सप्टेंबरअखेर,
आणि झाडावर ती.

काळी पाठ, पांढरा गळा. गसांत तिला स्पर्वर म्हणतो,
मी नुसतंच ती.
डोळा लाल. इतक्या लांबून दिसत नाही खरं तर,
पण एकदा दुर्बिणीतून पाहिला
तेव्हापासून बिनदुर्बिणीचाही दिसतो.
नर तिच्याहून बराच लहान.
तो शिकार आणतो, तारेवर बसून हाक देतो,
ती येते, हिसकावते, जाते.
आभार वगैरे नाही.
मला ते बरं वाटलं.

रिट्रीटमध्ये जून म्हणजे वायव्येचा वारा,
एकच चादर दोनदा ओली होते.
चिमटे दातांत धरून मी वर बघते
तर तोंडावर पिसं, करडी, हलकी,
कुणी बसल्या बसल्या उशी उसवावी तशी.

पिसं कुणाची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.
गसांत सॅमसोडीनच्या परसात शर्यतीची कबुतरं,
बापाच्या वेळेपासूनची पैदास,
प्रत्येकाच्या पायात नंबराचा वाळा.
शुक्रवारी मशिदीतून येताना
तो पाइनखाली वाकतो, सुयांत बोटं फिरवतो,
सापडेल ते तंबाखूच्या डबीत टाकतो.
टिण्ण.
माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येतं.

"डेलमेरी, कागद आलाय ना?"
आलाय, म्हटलं.
"मग?"
करवतवाल्याला वेळ नाही, म्हटलं.
करवतवाला माझा सख्खा भाचा, घरी बसून असतो.

जून संपता संपता इजिप्शियन बदकं आली,
नवराबायको, भसाड्या गळ्याची,
ट्रंक घेऊन आलेल्या पाहुण्यांसारखी
थेट घरट्यातच बसली.
ती तीन दिवस झेपावत राहिली.
बदकं मान लांब करून फिस्कारायची,
हलायची नाहीत.

चौथ्या दिवशी फटफटताना थाळ्या बडवल्याचा आवाज.
खाली गसांत, झोपेच्या कपड्यांत,
एका हातात पातेल्याचं झाकण, एका हातात डाव,
तोंडाला येईल ते बोलत होता.
ज्याची अकरा कबुतरं डबीत वाजतात, तो.
मी खिडकीतून विचारलं, तुला रे काय झालं?
"उडतात कशी बघ ती!" तो ओरडला.
"याला काय उडणं म्हणायचं?"
पुढचे पाच दिवस मीही झाकण घेऊन गेले.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

सप्टेंबरात विद्यापीठाचा लुखान्यो आला,
दोर लावून वर चढला, कापडी पिशवी घेऊन उतरला.
एकच पिल्लू. कापसाची गाठोडी, तिला पिवळ्या नख्या.
चढण्यानं त्याचे हात थरथरत होते.
कुणी धरता का, म्हणाला.
मी एक पाऊल मागे.
गसांतनं बाही वर केली,
पाय दोन बोटांत, अंगठा पाठीवर,
जन्मभर जसं धरलं तसंच धरलं.
पिल्लानं अंगठा फोडला.
त्यानं पकड सैल केली नाही, घट्टही नाही.

लुखान्योनं चिमट्यानं वाळा मिटवला, नंबर वाचला.
"परत सांग," गसांत म्हणाला.
त्यानं परत सांगितला.
गसांतचे ओठ हलताना मी पाहिले.
मग अंगठा चोखत, कुणाकडेच न बघता,
"छाती चांगली आहे पोराची."

कागदाची मुदत मंगळवारी संपली.
पन्हळ तुंबलेलीच आहे, भिंत आणखी फुगलीय,
चुंबकाखालून कागद काढायचा राहूनच गेला.
पिल्लू फांदीवर येऊन पंख मारतं
आणि घाबरून परत घरट्यात जातं.
गसांत हल्ली कबुतरं दहानंतर सोडतो, म्हणे.

परवा शुक्रवार होता.
मी भांडी विसळायची थांबले, नळ बंद केला.

टिण्ण.