तांब्याची तार

यादी मी मेणबत्तीपाशी केली, पाठकोऱ्या कागदावर.
कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची
आगंतुक पाहुण्यासारखी, रात्री दोनला,
आणि आम्ही धडपडत उठून इस्त्री करायचो.

नववीचा वर्ग, अंगावर कोट तसेच.
"प्रत्येकानं एक प्रयोग निवडा. अट एकच,
भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही."
पोरं हसली. त्यात असतं काय, लामाराबाई?

एलिसोनं दोरीवरची लाट घेतली.
कपड्यांची दोरी, एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट:
पाठवलेला उंचवटा गजापर्यंत जातो
आणि उलटा होऊन परत येतो.
"बाबांना टाकलेल्या पत्रासारखा," ती म्हणाली,
आणि दोरी गुंडाळत बसली.

गोचाला पाण्याची परात.
दोन बोटं बुडवली की दोन वर्तुळं
एकमेकांतून आरपार जातात, धक्का न लावता.
पावाच्या रांगेत असं का होत नाही,
हे त्याला सादरीकरणात विचारायचं होतं.
मी म्हटलं, विचार.

तांब्याच्या नळीतून चुंबक सोडायचा,
तो पडायचं विसरल्यासारखा सावकाश उतरतो,
हा माझा सगळ्यात लाडका. पण नळी
सप्टेंबरातच प्रयोगशाळेतून भंगारात गेली.
त्यावर काट मारली.

उरला ख्विचा. नखांत काळं.
त्यानं पिशवीतून वेटोळं काढून टेबलावर ठेवलं.
"दोन हजार वेढे. मोजलेत."
तारेला तेलाचा वास होता,
आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर
नोव्हेंबरपासून पोट फाडून उभा आहे, त्याच तेलाचा.
वर्गात कुणी नाक वर केलं नाही.

रेडिओतला लाल दिवा त्यानं दोन टोकांना जोडला,
चुंबक आत नुसता ठेवला. काही नाही.
मग हलवायला लागला, खांद्यापासून,
दात आवळून, आत बाहेर, आत बाहेर,
आणि अंधाऱ्या खोलीत
डाळिंबाच्या दाण्याएवढं काहीतरी
लुकलुकलं.
हात थांबला की विझायचं.
एलिसो म्हणाली, थांबू नकोस ना.

अहवालाच्या कागदावर एक रकाना असतो:
साहित्य कुठून मिळवलं.
त्यानं तो कोरा सोडला होता.
घरी नेला. मेणबत्ती दोन बोटं उरली होती.
दहापैकी नऊ दिले,
आणि रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं:
शाळेचं.